डब्यातली दुपार

“मग आता माझ्यात उणं काय आहे, माय? तेवढं तरी सांगा.”

त्र्यंबक ठोसरांनी हे विचारलं तेव्हा पुंजामाय वाती वळत होती. ती वळतच राहिली.

पूर्णेकाठच्या आमच्या मठात तीच गुरू. ठोसर चार वर्षांमागे आले. टीव्हीच्या प्रक्षेपण केंद्रात मोठे इंजिनियर होते, जन्मभर लोकांच्या घरी चित्रं पोचवली. आता त्यांना संन्यासाची भगवी वस्त्रं हवी होती. दर पौर्णिमेला मागायचे, आणि माय त्यांना काहीतरी काम सांगायची.

“घर सोडलं. खाण्यापिण्याची आवड सोडली. अख्खा चातुर्मास मौन पाळलं. आणखी काय सोडू?”

“लेक?”

“सोडली.”

“धरली कधी होती?”

ठोसरांना ते लागलं.

“तिला मी माणसांत आणलं, माय! रेणुका जन्मानं बहिरी. सगळे म्हणाले, हातांची भाषा शिकवा. मी म्हटलं, माझी लेक तोंडानं बोलेल. हात हलवले की पट्टी मारायचो. ओठ वाचायला शिकवलं, शब्द काढायला शिकवलं. आणि तिनं काय केलं? पुण्याला जाऊन पुन्हा हातवारेच. लग्नही तसल्याशीच. मी गेलो नाही लग्नाला. संपलं तिथंच.”

हे सांगताना ताठ बसले होते. आमचा जीव कळवळला, पण ठोसर साहेबांपुढे बोलणार कोण?

मायनं वात खाली ठेवली.

“तुह्या बहिणीचा फोन आलता. रेणुका आज टीव्हीत बातम्या सांगणार हाय म्हणे. हातानं. पयल्यांदाच.”

…

“मला त्याचं काय?”

“तुले नसन. आमाले पाहाचं हाय. लाव.”

ओसरीवर एका भक्तानं दिलेला टीव्ही होता, आणि त्याचा नवाकोरा डबा, सेट-टॉप बॉक्स. छतावर डिशची छत्री आधीच बसवलेली. ठोसर उठले. तारा जोडल्या, रिमोट हातात घेतला, आणि बघता बघता त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला. आवाजसुद्धा बदलला.

पडद्यावर “चॅनल नाही” एवढंच आलं.

“गेला वाटतं,” मी म्हणालो.

“गेला कशाला? आकाशात सगळं आहे. पण डब्याला अजून काही ठाऊक नाही. त्यानं एकदा सगळं चाचपून घ्यायचं. याला स्कॅन म्हणतात.”

बटण दाबलं. एकेक नाव पडद्यावर चढू लागलं. देवाधर्माची चॅनल, सिनेमाची, शेतीची. ठोसर निवांत बघत होते. बातम्यांच्या एका चॅनलचं नाव आलं, आणि ते वर सरकून दिसेनासं होईपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही. मायचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत होती.

“आता हे गाईड. कुठल्या चॅनलवर कधी काय लागणार, सगळं यात लिहिलेलं असतं. अंदाजानं बसायचं कारणच नाही.”

त्यांनी मघाचंच ते बातम्यांचं चॅनल काढलं.

‘कर्णबधिरांसाठी बातम्या. दुपारी १:३०.’

बाहेर ऊन कधीच उतरलं होतं. गुरं घरी आली होती.

“झाल्या,” ठोसर म्हणाले. “दुपारीच झाल्या.”

रिमोट खाली ठेवला. चेहरा असा मोकळा झाला माणसाचा! मला भारी राग आला, खरं सांगतो.

“पाहिलंत, माय? लेकीच्या बातम्या चुकल्या, पण मला काही वाटलं नाही. यालाच विरक्ती म्हणतात ना?”

मायनं मठातल्या समाधीपुढे जाऊन दिवा लावला. हात जोडले. मग सावकाश टीव्हीपाशी आली आणि डोळे बारीक करून पडद्याचा कोपरा न्याहाळू लागली.

“इथी किती वाजले लिवले?”

“एक पंचवीस.”

“अन् मी दिवा लावून राह्यली.”

…

ठोसरांच्या तोंडचं पाणी पळालं. डब्यातलं घड्याळ कारखान्यातून आलं तसंच होतं, विलायतेच्या वेळेवर. गाईडही त्याच वेळेनं बोलत होतं. नवा डबा लावला की आधी आपल्या देशाची वेळ लावायची, नाहीतर सगळं साडेपाच तास मागे. हे त्यांनी हाताखालच्या किती पोरांकडून घोकून घेतलं असेल!

“राहून गेलं, माय.”

“का राहू देल्लं?”

त्यांनी सेटिंग उघडलं, वेळ बदलली. गाईडमधले दीड गेले आणि तिथं सात आले.

पाचच मिनिटं उरली होती. कुणी उठलं नाही.

सात वाजले. मागून एका बाईचा आवाज बातम्या वाचू लागला, आणि समोर निळ्या साडीत रेणुका उभी राहिली.

“अगं बाई, बापाचंच नाक!” आमच्यातली एक म्हातारी बोलून गेली.

ठोसर हलले नाहीत. मग हळूच बोलले.

“किती छान सांगते... धरणाचं पाणी सोडलंय म्हणते. मला सगळं कळतंय, माय. सगळं.”

मायनं रिमोट उचलला. चाचपडत एक बटण दाबलं.

आवाज गेला.

पडद्यावर फक्त हात चालले होते. भरभर, नेमके, कुठंही न अडखळणारे. एकदा तिनं ओंजळ छातीशी धरली आणि हळूच पुढे सोडली. एकदा ती हसली.

“आता काय म्हन्ते?”

…

“त्र्यंबक. काय म्हन्ते पोरगी?”

ठोसर पुढे सरकले. आणखी पुढे, पार पडद्याला नाक लागेपर्यंत. ओठ वाचावेत, तर रेणुकाचे ओठ मिटलेले होते.

“नाही कळत,” ते म्हणाले.

आणि रडले. भर मठात, मोठ्यानं, लहान पोरासारखे.

“माझ्या लेकीचं मला एक अक्षर कळत नाही हो, माय!”

बातम्या संपेपर्यंत माय तशीच उभी होती. संपल्यावर ठोसरांनी तिचे पाय धरले.

“भगवी नको मला. तुम्ही माझ्या गुरू. आता काय करू, तेवढं सांगा.”

मायनं खाली वाकून त्यांचे दोन्ही हात आपल्या पायांवरून उचलले. जरा वेळ नुसते धरून ठेवले.

“मी काहाची रे बाप्पा... तुही गुरू तं पुण्याले राह्यते.”