टिटवीसाठी राखलेली जागा

त्या राज्यात कोणी उपाशी नव्हते, पण कोणाचा कोणावर विश्वासही नव्हता. वरच्या अंगाला जंगल, मधे एक तळे आणि खालच्या अंगाला लांबच लांब खडकाळ माळ, एवढाच तो मुलूख. त्याचा कारभार एक मंडळ पाहत असे. मंडळात सगळे जंगलातले होते. बैठकीचा निरोप माळावरच्यांनाही येई, पण ते जात नसत, कारण बैठकीला जायचे म्हणजे घर उघडे टाकायचे.

या माळावर एक टिटवी आणि तिचा टिटवा राहत. टिटव्यांना घरटे बांधायचा सोस नसतो. खड्यांच्या रंगाची अंडी खड्यांतच ठेवायची आणि कोणी जवळ आले की आरडाओरडा करत त्याला भलतीकडे न्यायचे, ही त्यांची पिढीजात रीत. मागच्या साली एकदा टिटवीची वेळ चुकली आणि सगळी अंडी गेली. तेव्हापासून ती वाऱ्याचीही उलटतपासणी घेत असे. यंदा तिने पुन्हा चार अंडी घातली होती. चौथे घालून झाल्यावर ती पोटभर जेवलीसुद्धा नव्हती.

अशात मंडळाची साळुंकी निरोप घेऊन आली.

"टिटवीताई, हा माळ हिरवा करायचा असं मंडळानं ठरवलंय. माती धरून राहील, तळ्यात गाळ यायचा थांबेल, तुम्हां सगळ्यांना सावली होईल."

"आणि मंडळाला काय मिळणार?"

"मंडळाला? काही नाही."

त्या 'काही नाही'पाशीच टिटवीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ज्याला काही नको असते त्याला सगळेच हवे असते, असे तिची आई म्हणत असे. साळुंकी उडून गेल्यावर ती टिटव्याला म्हणाली, "अहो, यात कुठंतरी पाणी मुरतंय."

"मुरू दे की," टिटवा म्हणाला. "तळं गाळानं भरतंय हे तर खरं ना?"

टिटव्याचा स्वभाव असा भोळा होता. अशाच्या घरात दुसऱ्याला दुप्पट शंका घ्याव्या लागतात.

चौथ्या दिवशी माळाची मोजणी करायला मंडळाने पाठवले ते मुंगसाला. जमिनीलगत चालणारा, खडा अन् खडा पाहणारा दुसरा कोणी मंडळाकडे नव्हता, ही गोष्ट खरी. पण टिटवीला जे समजायचे ते ती समजली. मुंगूस वीस पावलांवर थांबला आणि नमस्कार करून म्हणाला, "ताई, तुमचं घर कुठं आहे तेवढं दाखवा. ती जागा सोडून रोपं लावायची, असा ठराव आहे."

"घर विचारता, का अंडी?"

"मी अंडी सोडली, ताई. मंडळात घेताना शपथच घातली होती."

टिटवा हळूच म्हणाला, "सांगून टाकू या का?" टिटवीने त्याच्याकडे असे पाहिले की तो खडे मोजू लागला.

आता आरडाओरडा करून भागणार नव्हते, मुंगूस त्या रीतीला फसणारा नव्हता. म्हणून टिटवी मुकाट्याने निघाली. माळाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन ती रिकाम्या खड्यांवर पंख फुगवून बसली आणि अंगाला थोडा कंपही आणला. मुंगसाने लांबूनच मान लववली, त्या जागेभोवती चार काठ्या रोवल्या आणि तो निघून गेला. एकदा मागे वळून पाहिलेही नाही. एवढा सरळ वागला त्या अर्थी परत येणारच, असे टिटवीने ठरवले. सोंग उघडे पडू नये म्हणून रोज कोणी मंडळाकडचे दिसले की ती त्या रिकाम्या जागी जाऊन बसू लागली.

लागवडीच्या दिवशी मंडळाचा प्रमुख सांबर स्वतः तिच्यापुढे येऊन उभा राहिला. काठ्यांच्या आत त्याने खूर टाकला नाही.

"माळावरचं आम्हांला फारसं कळत नाही," तो म्हणाला. "काही चुकत असेल तर आत्ताच सांगा."

त्याचे डोळे पाणीदार होते आणि टिटवीच्या गळ्याशी खरे शब्द आले. तेवढ्यात सांबराच्या मागे उभ्या असलेल्या मुंगसाने ओठांवरून जीभ फिरवली. ऊन कडक होते, त्याचे तोंडही सुकले असेल. टिटवीने शब्द गिळले आणि टिटव्यालाही शेजारी बसवून घेतले. "छान चाललंय," ती म्हणाली.

त्याच वेळी माळाच्या अलीकडच्या टोकाला रानडुकरे खड्डे काढत होती, आणि करकोचे चोचीने जवळपासचे खडे उचलून प्रत्येक रोपाभोवती आळे रचत होते. पाणी वाहून जाऊ नये म्हणून गोलसर, एकसारखे खडे ते निवडून घेत.

मंडळी पांगल्यावर टिटवी घराकडे धावली. तिथे जांभळाचे एक रोप होते आणि त्याच्याभोवती नीटनेटके आळे. त्या आळ्यात चार खडे उबदार होते. अंडी शाबूत होती, पण मातीत अर्धी थापून बसवलेली, तिच्या चोचीने हलेनात. ती तशीच आळ्यावर पंख पसरून बसली.

दुसऱ्या दिवशी करकोचे पाणी घेऊन आले, बरोबर साळुंकीही होती. टिटवी त्यांच्या अंगावर धावून गेली. मग तिने आजवर तिच्या कुळात कोणी केले नव्हते ते केले. "इथं आहे माझं घर," ती ओरडली. "अंडी इथं आहेत, या आळ्यात."

करकोचे थांबले. साळुंकी पुढे झाली आणि मायेने हसली.

"कळतं हो आम्हांला, ताई. टिटवी ओरडते तिथं तिचं घर नसतं. काळजी करू नका, तुमची जागा आम्ही जपतोय."

टिटवीने माळाच्या त्या टोकाकडे पाहिले. चार काठ्यांच्या मधल्या रिकाम्या खड्यांकडे पाठ करून मुंगूस उन्हात उभा होता आणि जवळून जाणाऱ्या सरड्याला पाय न वाजवण्याची खूण करत होता. इकडे पहिल्या करकोच्याने मान वाकवली आणि चोचीतले पाणी आळ्यात सावकाश सोडले.