गोजराचा बांध

काळवटीच्या तळ्यावर हिवाळ्यात पोरंबाळं घेऊन पाखरं बघायला येता ना, मग गोजराच्या बांधावर आधी खाली बसायचं. दुर्बीण कितीही भारी असू द्या, उभ्यानं लावायची नाही. ही रीत जुनी आहे आणि ती फुकट पडलेली नाही.

फार मागं, म्हणे, गोजरा नावाची भोयाची बाई इथं राहायची. तिचा नवरा मासे धरताना जाळ्यात पाय अडकून बुडाला. गावानं थोडं शोधलं आणि सोडून दिलं. पहाटे मात्र डोक्यावर काळे पट्टे असलेले कादंब हंस पाण्यावर एकाच जागी ओरडत घिरट्या घालत होते, खाली उतरेनात. गोजरा तिथंच पाण्यात शिरली आणि नवऱ्याचं प्रेत काठाला घेऊन आली. ओल्या लुगड्यानिशी ती पाखरांना म्हणाली, असं सांगतात, "मी जिती हाय तवर तुमच्यावर जाळं पडायचं न्हाई."

पुढच्याच हिवाळ्यात कादंबांनी गावाचा हरभरा खुडायला घेतला. पोटावरच पाय आला. पाटलानं जाळी काढली, तशी गोजरा आडवी आली.

"काय गं, पाखरं तुझ्या माहेरची हाईत व्हय?"

"माहेरचीच. सासरच्यांनी माझा माणूस पाण्यात सोडला हुता."

माणसं खाली बघायला लागली.

"हरभरा मी राखते," ती म्हणाली. "रान उजाड झालं, तर पहिलं जाळं माझ्या हातानं टाकीन."

आधी ती ओरडत धावली. चुकलंच. पाखरं उडाली ती थेट रानाच्या मधोमध उतरली. मग तिला उमगलं, माणूस बांधावर गुमान बसला की कादंब त्याला ओलांडून वर येत नाहीत, काठचं गवत खात राहतात. ती आपली दोन लेकरं घेऊन रोज पहाटे थंडीत बसू लागली. लोक हसायचे, "भोईण अंडी उबवतीया!" ती हलली नाही.

एकदा तापानं तिला उठवेना. तरी ती रांगत बांधावर गेली आणि बसल्या जागीच कलंडली. कादंब एकेक पाऊल वर चढायला लागले. तेव्हा पाटलीणबाई कडेवर लेकरू घेऊन आल्या आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या. पाटलांनी वाड्यातून हाक मारली, "न्याहारीचं काय?"

"आज तुमच्या हातची!"

मग एकेक घर येऊन बसलं. त्या साली हरभरा भरून घरी आला आणि कादंब सुखरूप उत्तरेला गेले. जाळी बाभळीवर टांगल्या जागी कुजली.

आजही पहिले कादंब उतरले की बायापोरं पहाटे बांधावर येऊन बसतात, शहरातले पाहुणेही त्यांच्यातच. कुणी उभं राहिलंच, तर मागून एखादी भोईण करवादते, "खाली बसा! ती तापात बसली हुती, तुमचे गुडघे काय सोन्याचे हाईत?"