संतापाची घंटा

एक होता राजा. त्याच्या महालाच्या दारात तीन घंटा होत्या. एक रुसव्याची, एक चिडीची, एक संतापाची. रुसवा आपल्या माणसावर असतो, समजूत घातली की जातो. चीड घटकाभराची, अंगावर माशी बसावी तशी. आणि संताप? तो आतून भाजत राहतो, घास गोड लागू देत नाही.

घंटा जादूच्या होत्या, बरं का. मनात जे असेल तीच वाजायची. दुसरी कितीही ओढा, हूं नाही की चूं नाही. पण हे लोक विसरूनच गेले होते.

त्या गावात येसू नावाची कुंभाराची मुलगी होती. प्रधानाचे हत्ती रोज नदीवर जायचे, ते थेट त्यांच्या अंगणातून. वाळत घातलेल्या कच्च्या मडक्यांचा चुरा व्हायचा. भट्टीत लावायला एक मडकं उरेना. चूल पेटेना. गाव सोडायची वेळ आली.

मग येसूचे बाबा महालाच्या दारी गेले. मोठ्यांवर संतापू नये म्हणून त्यांनी चिडीची घंटा ओढली. वाजली नाही. मग आत्या गेली. तिनं रुसव्याची ओढली. तीही गप्प.

"गंजल्यात मेल्या," आत्या म्हणाली. "आपलं नशीबच फुटकं."

"आत्या, प्रधानावर कसली रुसतेस? तो काय तुझा नवरा आहे?"

"जीभ आवर, येसू! पोरीनं संतापू नये."

"मग कुणी संतापायचं? हत्तींनी?"

आणि येसू तडक निघाली. संतापाच्या घंटेवर कोळ्यांनी जाळी विणली होती. तिनं ती झटकली, दोर धरला. नुसता धरला, तर घंटा घणाणली! कवाडं थरथरली. राजा अनवाणी धावत बाहेर आला.

"ही घंटा कित्येक वर्षांत वाजली नाही गं! मला वाटलं, सगळं ठीक आहे."

"ठीक नाहीये," येसू म्हणाली. "चला, दाखवते."

मग राजा तसाच चालत तिच्या अंगणात गेला. मडक्यांचा चुरा त्याच्या तळपायांना टोचला. त्यानं हत्तींची वाट गावाबाहेरून वळवली, आणि प्रधानाला महिनाभर कुंभाराकडे माती तुडवायला लावलं.

मग भट्टी लागली. मडकी खणखणीत भाजली. घरात भाकरी झाली. आत्यानं चार घास जास्तच खाल्ले आणि सगळी जणं सुखानं राहिली.

झालं. पांघरूण ओढा आणि झोपा आता.