ठकाईनं अडवलेला वारा

फार फार वर्षांपूर्वी, घाटमाथ्यावर मोटारीचा रस्ता नव्हता आणि मीठसुद्धा बैलांच्या पाठीवरून वर यायचं, तेव्हाची ही हकीकत. गारमाळ नावाची एक वाडी होती. नावासारखीच गार! मार्गशीर्ष लागला की असा वारा सुटायचा, की चुलीपुढं बसलेल्या माणसाचीही पाठ काकडायची. त्या वाडीत ठकाई राहायची. नवरा कधीचाच वारलेला. घरात ती आणि तिची एकुलती एक लेक, येसू.

ठकाईच्या दारी मधमाश्या होत्या. आताच्यासारख्या पेट्या नव्हत्या हो तेव्हा. पोकळ ओंडके आडवे टांगायचे आणि त्यात माश्या नांदायच्या. मध काढावा तर ठकाईनंच, असं म्हणतात. थंडीच्या तोंडावर भरलेली पोळी ती माश्यांसाठी तशीच ठेवायची. कुणी मागायला आलं तर फटकारायची, "तुझ्या घरात कणगी भरलीया न्हवं? मग त्यांच्या कणगीत हात घालू नको."

मग ओंडके झाकायचं काम निघायचं. भेगा शेणमातीनं लिंपायच्या, वरून भाताचा पेंढा गुंडाळायचा, आणि शेवटी ओंडक्याचं तोंड बारीक करत आणायचं. पार बुजवलं तर माश्या घुसमटणार, मोठं ठेवलं तर वारा नि उंदीर शिरणार. म्हणून ओल्या मातीत येसूनं करंगळी खुपसायची आणि अलगद काढायची. तेवढंच भोक माश्यांना पुरे. गारमाळात तशी रीतच होती, शेवटचं बोट घरच्या लेकीचं. लेकीच्या हातची माती थंडीत उलत नाही, असं म्हणतात.

येसूचं लग्न झालं. घाटाखालच्या गावी दिली तिला. निघताना पोरगी ओंडक्यांपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आये, थंडीला मला बोलीव. माझ्याबिगर तोंडं लिंपू नको."

"न्हाई लिंपत. जा तू," ठकाई म्हणाली. शब्द देऊन बसली बाई.

थंडी आली. मीठ घेऊन येणाऱ्या बैलवाल्यांबरोबर ठकाईनं निरोप धाडला, लेकीला माहेरी पाठवा. उत्तर आलं, भाताची झोडणी झाली की पाठवतो. झोडणी झाली. पुन्हा निरोप गेला, तर आता म्हैस व्यायची होती. म्हैस व्याली, तर सासूचे गुडघे धरले. सासरच्यांना कारणांचा काय तोटा!

स्वतः जाऊन आणावी तर तेही जमेना. नातवंडाचं तोंड पाहीपर्यंत आईनं लेकीच्या सासरचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी तेव्हा सक्त चाल होती. मग ठकाई रोज घाटाच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. खालच्या वाटेवर लुगड्याचा रंग दिसला की काळीज हलायचं, आणि जवळ आली की बाई भलतीच निघायची. "एवढीशी उतरण," ती स्वतःशी पुटपुटायची. "धोंडा सोडला तर गडगडत लेकीच्या दारात जाईल, आणि मी मेली हितं उभी." जीव नुसता तुटायचा तिचा.

शेजारच्या सारजाला ते बघवेना. ती म्हणाली, "ठके, माझ्या पोरीचं बोट घे आणि मोकळी हो. माश्या मरतील गं!"

"तुझ्या पोरीला नावं ठेवत न्हाई, सारजे. पण येसू येईल, आणि बघंल की आईनं माझ्याबिगर लिंपून घेतलं. तिला वाटंल, आपण आता परकी झालो."

सारजाच्याही लेकी होत्या. 

पौषात दहिवर गोठलं. गवत पांढरंफटक पडलं आणि ओंडक्यांपुढं मेलेल्या माश्या दिसायला लागल्या. तेव्हा ठकाईनं सगळे ओंडके खाली उतरवले, तोंडं एका बाजूला करून एकाला एक लावले, आणि त्या तोंडांना पाठ टेकून बसली. स्वतःवर आणि ओंडक्यांवर मिळून एकच घोंगडं घेतलं. पाठ माश्यांना, तोंड घाटाच्या वाटेला. वारा यायचा तो तिच्या अंगावर अडायचा. सारजा भाकरी आणायची, हाताला धरून ओढायची. "ऊठ गं बये, मरशील!" ठकाईचं एकच, "येसू आली की उठते."

मग असं हिंव पडलं की वाडीत कुणाला दार उघडवेना.

त्याच दिवशी खाली येसू भाकऱ्या थापत होती. कुठून कोण जाणे, एक मधमाशी आली आणि तिच्या करंगळीवर बसली. चावेना आणि उडेनाही. येसूनं भाकरी तशीच टाकली. सासूला विचारलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, पिठाच्या हातांनी पोरगी घाट चढली, असं म्हणतात.

दारात आई घोंगडं घेऊन बसलेली दिसली. "आये, आले गं मी!" येसूनं हाक मारली. घोंगडं आतून घुमलं. तिनं पदर सारावा तसं ते सारलं, तर आत ठकाई नव्हती. माश्याच माश्या, एकमेकींना बिलगून बसलेल्या. तेच वाकलेले खांदे, तेच पोटाशी घेतलेले गुडघे!

येसूनं हात पुढं केला. माश्या तिच्या तळहातावर चढल्या. ऊन होत्या, आईचा हात असतो तशा. मग एकेक करून त्या ओंडक्यांत शिरल्या. येसूनं रडत रडत माती कालवली, एकेक तोंड लिंपलं, आणि प्रत्येक ओंडक्यापाशी करंगळी खुपसून म्हणत राहिली, "उशीर झाला गं आये, लई उशीर झाला." त्या थंडीत पुढं एकही माशी मेली नाही, असं म्हणतात.

गारमाळात आता मधाच्या पेट्या आहेत. त्यांना लिंपावं लागत नाही. तरी मार्गशीर्षात पेट्या झाकताना चिमूटभर माती लावतात आणि त्यावर माहेरी आलेली लेक बोट टेकवते. त्यासाठी तिच्या सासरी निरोप जातो, तो एकदाच. तिकडून झोडणीचं नाही तर म्हशीचं कारण आलं, की वाडीतल्या झाडून साऱ्या आया घाट उतरतात. नातवंड असो नसो, उंबरा ओलांडून थेट चुलीपाशी जाऊन उभ्या राहतात. घरची सासू गडबडून पाट मांडते, तांब्या पुढं करते, म्हणते, "बसा की, पाणी तरी घ्या."

"पाणी नको," त्या म्हणतात. "आमची लेक द्या."