बाबूशेठचा हात

नेदरलँड्समध्ये शिकताना मला वाटायचं, आपल्याकडे बेदाण्याची प्रत ठरवताना गोडी, ओलावा, दाण्याचा आकार असं सगळं बघत असतील. बाजार समितीत तपासनीस म्हणून रुजू झाले, तर इथे प्रत बाबूशेठ ठरवत होते. सगळ्यात मोठे खरेदीदार ते. ढिगातून मूठभर बेदाणा उचलायचा, दोन दाणे चघळायचे आणि उरलेला जमिनीवर फेकायचा, ही इथल्या व्यापाऱ्यांची जुनी रीत. सौद्याच्या दिवशी आम्ही बेदाणे तुडवतच फिरतो.

त्या दिवशी शेठ शेवंताकाकूंच्या ढिगापाशी थांबले. काकूंची वर्षभराची मेहनत त्या ताडपत्रीवर होती.

"हलका माल. तीन नंबर लावा," शेठ म्हणाले.

"मी तपासलाय. एक नंबर आहे," मी म्हणाले.

"ताई, तुमचं यंत्र राहू द्या बाजूला. इतकी वर्षं माझा हातच प्रत सांगतोय."

आजूबाजूचे व्यापारी हसले. काकूंनी मान खाली घातली.

"मग हातालाच विचारू या," मी म्हणाले. "तुमच्या पुतण्याच्या ढिगाला तुम्ही एक नंबर दिलात. तो बेदाणा तुमच्या चपलेखाली आहे. काकूंच्या ढिगातून तुम्ही मुठीमागून मुठी उचलल्यात, पण खाली एक दाणा पडलेला नाही. शेठ, सदऱ्याचा खिसा फार फुगलाय हो."

शेठनी घाईने खिशावर हात ठेवला. हमालांना एकदम खोकला आला. काकूंच्या मालाची बोली एक नंबरने सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, माझी तपासणी संपेपर्यंत बाजारात केर काढू द्यायचा नाही.