फ्रिजची घरघर

घरातल्या वस्तू एकमेकींशी बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. कुंदाकाकूंचा फ्रिज बावीस वर्षांचा होता. आपण एवढे घरघरतो म्हणूनच घरातलं दूध टिकतं, असा त्याचा ठाम समज होता.

एके दिवशी दुकानातला माणूस नवा फ्रिज घेऊन आला. "काकू, जुना दिलात तरच सवलत मिळेल. उद्या न्यायला येतो."

"चुलीत गेली सवलत! भंगारात नाही देणार मी त्याला," म्हणत काकूंनी जुना फ्रिज पडवीत हलवला आणि पाण्याच्या दोन बाटल्यांसाठी चालू ठेवला.

जुन्या फ्रिजनं पडवीतून आत डोकावून पाहिलं. नव्याचा आवाजच नाही! "अरेरे, पहिल्याच दिवशी मेला बिचारा!"

"मेला कसला? बर्फसुद्धा जमवला त्यानं," भिंतीवरचा वीजमीटर धापा टाकत म्हणाला. "तू एकटा जेवढी वीज पितोस, तेवढ्यात तसले तिघं चालतील, आजोबा!"

फ्रिज मुळापासून हादरला. ज्या घरघरीला तो चाकरी समजत होता, ती निव्वळ भूक होती!

"मग आधी का नाही सांगितलंस रे?"

"रोज सांगत होतो. तुझ्या घरघरीत ऐकू जाईल तर ना!"

दुसऱ्या दिवशी दुकानाचा टेम्पो आला. काकू नाही म्हणणार, तोच पडवीतल्या फ्रिजनं आपणहून घरघर थांबवली. त्यांनी बटण दोनदा दाबून पाहिलं. मग करंडा आणून त्याच्या दारावर कुंकवाचं बोट टेकवलं.

"सांभाळून न्या हो," त्या म्हणाल्या, "म्हातारा आहे."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच फ्रिजला काकूंचा आवाज स्पष्ट ऐकू आला.