राणीचा उरलेला शब्द

एका राज्यात संध्याकाळ झाली ती सरेचना. सूर्य डोंगराच्या माथ्यावर टेकला तो तिथेच राहिला, ना बुडे ना वर येई. पिकं पिवळी पडली, कोंबडे आरवायचे विसरले, तान्ह्या मुलांचा डोळ्याला डोळा लागेना. लोक दबक्या आवाजात बोलत, घरात कुणी आजारी असावं तसे.

राजवाड्यात राणी सुलक्षणा निजली होती. तिचा श्वास थांबला होता, पण डोळे मिटत नव्हते. जाताना ती आपल्या मुलीला, राजकन्या कुंतलेला, एकच शब्द बोलली होती. "ईल." तेवढं बोलली आणि मुलीच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याच क्षणी सूर्य थबकला.

राजा शूरकेतूने पंडित बोलावले. एकाने तो शब्द देववाणीतून काढला, दुसऱ्याने राक्षसांच्या बोलीतून, तिसऱ्याने दोघांना मूर्ख ठरवलं. भांडून दमले, पोटभर जेवले आणि गेले. राणीचे डोळे उघडेच.

कुंतला पित्याला म्हणाली, "महाराज, माझी आई कोणत्या देशची?"

"ते विचारायचं नसतं," राजा म्हणाला.

कारण त्या घराण्याची रीतच तशी होती. सून उंबऱ्याशी आली की राजमांत्रिक तिच्या जिभेला कडुनिंबाची काडी लावी. काडीला गुंडाळून तिची भाषा बाहेर येई, ओल्या सुतासारखी. माहेरचं नाव आणि माहेरचा देशही त्याच सुतासोबत निघे. ते सगळं गाडग्यात घालून, वर लाखेचं झाकण बसवून, गाडगं उंबऱ्याखाली पुरत. मग सून त्यावरून उजवं पाऊल टाकून आत येई आणि सासरच्या भाषेत बोलू लागे. सात पिढ्या हे चाललं होतं आणि कुणाला त्यात वाईट दिसलं नव्हतं. उलट त्या दिवशी वाजंत्री वाजे. सुलक्षणेचा एक शब्द तेवढा जिभेखाली राहून गेला होता. तो तिने जन्मभर जपला.

कुंतलेला आठवलं, आई अंगाई गात नसे. ओठ मिटून नुसती गुणगुणे. लहानपणी तिला त्याचा फार राग येई.

वाड्याच्या गच्चीवर एक टिटवी येऊन बसली आणि माणसासारखं बोलली. "हा शब्द मी तीन देशांत ऐकला आहे. तुझ्या आईचा देश त्यांतला कोणता, ते मला ठाऊक नाही. चालायची तयारी असेल तर वाट दाखवते."

"चल," कुंतला म्हणाली.

पहिला देश मिठागरांचा. तिथले लोक म्हणाले, "ईल म्हणजे पाण्यावर धरणारी मिठाची पहिली साय. हा शब्द आम्हांला समुद्राने दिला. हवी तर घेऊन जा, पण तुझ्या केसांचा काळा रंग इथे ठेव." तिने ठेवला. पांढऱ्या केसांनी ती घरी आली, मिठाची साय आईच्या ओठांना लावली. डोळे मिटले नाहीत.

दुसरा देश बर्फाचा. तिथले मेंढपाळ म्हणाले, "ईल म्हणजे आई मेलेलं कोकरू. हा शब्द आमच्या आजोबांनी वाऱ्याकडून घेतला. कोकराची लोकर देतो, पण तुझ्या हातांची ऊब इथे ठेव." तिने ठेवली. गार हातांनी तिने ती लोकर आईच्या उशाशी ठेवली. डोळे मिटले नाहीत. हा अर्थ मात्र कुंतलेच्या मनाला लागला. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली.

तिसरा देश दलदलीचा. बोरूच्या झोपड्या होत्या आणि माणसं थोडी. एका म्हातारीने तिला दारात पाहिलं, म्हणाली, "ईल," आणि गप्प बसली. कुंतलेने अर्थ विचारला, म्हातारी बोलेना. पाया पडली, तरी बोलेना. शेवटी चालून थकलेली, काही सुचेनासं झालेली कुंतला नुसतंच पुटपुटली, "ईल."

म्हातारीचा चेहरा खुलला आणि ती भडाभडा बोलू लागली. टिटवी एकेक वाक्य उलगडून सांगू लागली.

"ती म्हणते, या शब्दाला अर्थ नाही. कुठून आला तेही कुणी विचारत नाही. मनातलं सांगायचं असलं की माणूस ईल म्हणतो. समोरच्याने ईल म्हटलं म्हणजे तो ऐकायला बसला. तो म्हणेपर्यंत बोलायचं नाही, अशी इथली रीत आहे."

"म्हणजे आई उत्तरासाठी थांबली आहे," कुंतला म्हणाली. "आणि मी अर्थ शोधत हिंडते आहे."

म्हातारीने बदल्यात काही मागितलं नाही.

कुंतला परतली. आईजवळ बसली, म्हणाली, "ईल." राणीचे ओठ हलले, थरथरले, पण आवाज निघेना. बोलायची परवानगी मिळाली होती, बोलायला भाषा नव्हती.

कुंतला उठली आणि कुदळ घेऊन उंबऱ्याशी गेली. मांत्रिक आडवा आला. "गाडगं फुटलं तर घराणं फुटेल," तो म्हणाला.

राजा मागे उभा होता. मुलीचे पांढरे केस त्याने पाहिले, तिच्या गार हाताला हात लावला. "बाजूला व्हा," तो मांत्रिकाला म्हणाला. "उंबरा मीच उचलतो."

खाली सात गाडगी होती. आईचं कोणतं, कुणास ठाऊक. कुंतलेने सातही फोडली. सात भाषा वाड्यात शिरल्या. सहा जणींना ऐकणारं आता कुणी नव्हतं. त्यांच्या भाषा दालनादालनांतून फिरल्या आणि खिडकीतून निघून गेल्या. सातवी राणीच्या ओठांशी आली.

राणी बोलू लागली. साऱ्या जन्माचं बोलणं होतं, ते संपता संपेना. राजा पायाशी बसून होता, त्याला एक अक्षर कळत नव्हतं.

टिटवीने हळूच विचारलं, "सांगू का अर्थ?"

"थांब," कुंतला म्हणाली. "ती बोलते आहे."

तिलाही काही कळत नव्हतं. पण त्या अनोळखी बोलण्यात मधून मधून एक शब्द येई, तो तिच्या ओळखीचा होता. कुंतला. पुन्हा काहीबाही, आणि पुन्हा कुंतला. तिच्या हातांत ऊब परत आली. केस मात्र पांढरेच राहिले.

मग राणी थांबली आणि तिने आपले आपण डोळे मिटले. डोंगरावरचा सूर्य बुडाला. राज्यभर मुलं झोपली, आणि पहाटे कोंबडा आरवला.

पुढे त्या घरात सून आली की उंबऱ्याशी ती माहेरच्या भाषेत एक शब्द बोले आणि राजापासून पखालवाल्यापर्यंत सगळे तो तिच्यामागून म्हणत. कुणी अर्थ विचारत नसे. ती सांगेल तेव्हा सांगेल.

ज्याचं बोलणं त्याला पोचलं, आणि गोष्ट आपल्या घरी गेली.